अक्षर आणि अक्षराचं चित्र : ऑनलाइन अभ्यासाची पानं सर्वांना वाचता यावीत म्हणून

[नवी मुंबईत झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे.]



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, की हे तर संगणकवाल्यांचं काम. यात इतिहासाचा मास्तर काय सांगणार? मलाही बरीच वर्षं असंच वाटत होतं. ते का बदललं, तिथूनच सुरुवात करतो. त्यात चूक माझी आहे, तेव्हा आधी ती कबूल करतो.

२०२० चा मार्च महिना. कॉलेजं बंद झाली. माझ्याकडे वीस-पंचवीस वर्षांच्या नोट्स होत्या, सगळ्या हाताने लिहिलेल्या. मी काय केलं, मोबाइलने पानापानाचे फोटो काढले, त्यांची पीडीएफ केली आणि वर्गाच्या ऑनलाइन पानावर चढवली. दोन दिवसांत सगळा अभ्यासक्रम वर! मोठं काम उरकल्यासारखं वाटलं. चार दिवसांनी एका विद्यार्थ्याचा फोन आला. त्याला डोळ्यांनी दिसत नाही. वर्गात तो पहिल्या बाकावर बसायचा, ऐकायचा, आणि प्रश्न असे विचारायचा की मला घरी जाऊन पुस्तक उघडावं लागायचं. तो म्हणाला, "सर, तुमच्या नोट्स मला दिसत नाहीत, ते ठीक आहे. पण त्या माझ्या लॅपटॉपलाही दिसत नाहीत. तो म्हणतो, पान रिकामं आहे."

मी म्हटलं, "अरे, असं कसं? दोनशे पानं आहेत!" तो म्हणाला, "असतील सर. पण त्यात अक्षरं नाहीत."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आजचं सगळं व्याख्यान म्हणजे या एका वाक्याचा इतिहास आहे. मी त्याला अक्षरं दिली नव्हती, अक्षरांची चित्रं दिली होती. डोळस माणसाला या दोन्हींत फरक वाटत नाही. पण शिक्षण कोणापर्यंत पोचतं आणि कोणापर्यंत नाही, हे गेली दोनशे वर्षं याच फरकाने ठरत आलं आहे.

आता थोडं मागे जाऊ. पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी वॅलेंतँ हाउई या गृहस्थांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. मुलांनी वाचायचं कसं? हाउईंनी रोमन अक्षरंच कागदावर उठावदार छापली. म्हणजे डोळस माणूस जे बघतो, त्याचाच आकार बोटांनी चाचपायचा. हेतू उत्तम होता. पण वाचायला फार वेळ लागायचा, पुस्तकं अवजड व्हायची, आणि मुख्य म्हणजे मुलांना त्या पद्धतीने स्वतः लिहिता येत नसे. हाउईंनी बोटांना अक्षराचं चित्र दिलं होतं.

त्याच शाळेतला विद्यार्थी लुई ब्रेल. जन्म १८०९. त्याने आकाराचा हट्टच सोडला. सहा टिंबं, त्यांच्या ६३ जुळण्या, आणि प्रत्येक जुळणी म्हणजे एक खूण. ती डोळ्याला अक्षरासारखी दिसत नाही, आणि दिसायची गरजही नाही. १८२९ मध्ये त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली. त्याच्याच शाळेने ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये, म्हणजे ब्रेल वारल्यावर दोन वर्षांनी. इतका उशीर का झाला? शिकवणाऱ्या डोळस मंडळींना ती टिंबं वाचता येत नव्हती, हे त्यातलं एक मोठं कारण. त्यांच्या सोयीची ती नव्हती. शिकणाऱ्याची सोय आणि शिकवणाऱ्याची सोय यांतली ही ओढाताण लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

आपल्याकडे या. मुंबईत माझगावला १८८५ मध्ये मूकबधिर मुलांसाठी शाळा निघाली. १९०० मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली; तीच आजची दादरची कमला मेहता अंध शाळा. १९०२ मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंध शाळा आली, १९३४ मध्ये पुण्याची अंधशाळा. १९५२ मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे आपण ज्याला 'नॅब' म्हणतो, ती संस्था उभी राहिली.

पण या शाळांपुढे एक मोठी अडचण होती. ब्रेलची टिंबं फ्रेंचसाठी ठरवलेली. मराठीतला 'ख' कसा लिहायचा? 'ळ' कसा लिहायचा? ज्याने त्याने आपापलं ठरवलं. नीलकंठराय ब्रेल, शाह ब्रेल, शिरफ ब्रेल, ओरिएंटल ब्रेल अशा कितीतरी पद्धती देशात एकाच वेळी चालू होत्या. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेतलं पुस्तक वाचता येईना. छापखाना काढायचा तरी कोणत्या पद्धतीचा?

हा गोंधळ १९५१ मध्ये मिटला. त्या वर्षी भारती ब्रेल ही सामाईक पद्धत ठरली. मराठीतला 'क', बंगालीतला 'क', तमिळमधला 'क', सगळ्यांना एकच खूण. आणि त्यात एक गोष्ट अशी केली गेली, जी मला अतिशय महत्त्वाची वाटते. जरा लक्ष देऊन ऐका.

आपण 'कि' लिहितो, ऱ्हस्व वेलांटीचा. कागदावर वेलांटीची उभी रेघ आधी दिसते आणि 'क' नंतर. पण उच्चार करताना 'क्' आधी आणि 'इ' नंतर. भारती ब्रेलमध्ये उच्चाराचा क्रम घेतला: आधी 'क', मग 'इ'. म्हणजे अक्षर कसं दिसतं हे बाजूला ठेवून ते काय आहे, एवढंच नोंदवलं. १९५१ मध्ये! संगणकावर मराठी यायला अजून तीन-साडेतीन दशकं होती.

आता संगणकाकडे येऊ. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. त्याच वर्षी 'इस्की' नावाचं भारतीय लिप्यांसाठीचं प्रमाणीकरण आलं, १९९१ मध्ये ते सुधारलं गेलं. त्याच १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होती आणि तिची मांडणी इस्कीवरून घेतलेली होती. तिथेही क्रम कोणता? आधी 'क', मग वेलांटी. भारती ब्रेलचाच क्रम. वेगळ्या लोकांनी, वेगळ्या कामासाठी, तेच उत्तर काढलं. कारण प्रश्न तोच होता.

मग अडलं कुठे? अडलं डीटीपीत. नव्वदच्या दशकात छपाईच्या धंद्याला मराठी लगेच हवं होतं आणि त्या वेळचे संगणक युनिकोड समजत नव्हते. तेव्हा एक जुगाड निघाला. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. डोळ्याला मराठी दिसतं, संगणकाच्या पोटात मात्र इंग्रजीच. एक उदाहरण देतो. कृतिदेव फॉन्टमध्ये 'भारत' हा शब्द टाइप केला, की संगणकाच्या लेखी तिथे एच, के, के, जे, आर ही पाच अक्षरं असतात. पडद्यावर भारत, पोटात एचकेकेजेआर. फॉन्ट काढून घेतला की भारत गेला. आणि वेलांटीचं काय? इथे ती आधी टाइप करायची, कारण ती आधी दिसते. म्हणजे आपण पुन्हा हाउईंच्या काळात गेलो.

त्या जुगाडाला मी नावं ठेवत नाही. त्यावर मराठी वर्तमानपत्रं निघाली, दिवाळी अंक निघाले, पाठ्यपुस्तकं निघाली. आपल्या सगळ्यांच्या लग्नपत्रिका त्यातच छापल्या गेल्या. छापून कागद हातात पडला की काम झालं, असा तो हिशोब होता. कागदासाठी तो बरोबरच होता. पण पुढे त्याच फायली जशाच्या तशा वेबसाइटवर चढल्या. परिपत्रकं चढली, प्रश्नसंच चढले, स्वाध्याय चढले. विंडोज २००० पासून मंगल फॉन्ट आणि युनिकोड मराठी घरोघरी येऊ लागलं, तरी सवय मोडली नाही. नंतर मोबाइल आले, तेव्हा आम्ही त्याही पुढे गेलो: टाइपच करायचं सोडलं आणि सरळ फोटो काढू लागलो.

हे कोणाला भोवलं, ते बघू. १९८९ मध्ये अमेरिकेत टेड हेंटर या गृहस्थांनी 'जॉज' नावाचा स्क्रीनरीडर बाजारात आणला. हेंटर मोटारसायकलच्या शर्यती खेळायचे. एका अपघातात त्यांची दृष्टी गेली. स्क्रीनरीडर म्हणजे पडद्यावर जे आहे ते मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली. ती महाग होती. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी 'एनव्हीडीए' नावाचा स्क्रीनरीडर करायला घेतला आणि तो फुकट ठेवला. त्याच्याबरोबर येणारा आवाज मराठीही वाचतो. थोडा यांत्रिक वाचतो, पण वाचतो. म्हणजे साधा लॅपटॉप असला की अंध विद्यार्थ्याला एका पैशाचाही जादा खर्च न करता मराठी वाचता येईल, ही सोय आज आहे. ब्रेलच्या पुस्तकासाठी त्याला छापखान्याची वाट बघावी लागायची. आता तीही गरज नाही.

अट एकच. पानात अक्षर असलं पाहिजे. युनिकोड असेल तर स्क्रीनरीडर 'भारत' म्हणतो. कृतिदेव असेल तर 'एचकेकेजेआर' म्हणतो. फोटो असेल तर 'पान रिकामं आहे' म्हणतो. फोटोतून अक्षरं ओळखणारी साधनं आली आहेत, ती छापील मजकुरावर बऱ्यापैकी चालतातही. पण माझ्या हस्ताक्षरावर चालवून बघा! माझी बायकोसुद्धा ते वाचत नाही.

हे सगळं अंध विद्यार्थ्यांपुरतंच आहे, असं समजू नका. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी व्हिडिओतला आवाज म्हणजे रिकामं पान. ज्याचे हात थरथरतात त्याला माउस धरता येत नाही, तो कीबोर्डवर चालतो. आणि आमच्या ऑनलाइन परीक्षेतलं 'सबमिट'चं बटण कधीकधी कीबोर्डने दाबताच येत नाही. ज्याची नजर अधू आहे, त्याला फिक्या पिवळ्यावर पांढरी अक्षरं दिसत नाहीत. म्हणून जगभर चालतील असे नियम करायचं काम १९९७ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने हाती घेतलं. १९९९ मध्ये पहिली नियमावली आली, २००८ मध्ये दुसरी, आणि तिच्या सुधारित आवृत्त्या २०१८ आणि २०२३ मध्ये. त्यात अगदी मोजून सांगितलं आहे: साधा मजकूर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक इतकं प्रमाण हवं, प्रत्येक अर्थपूर्ण चित्राला शब्दांत वर्णन हवं, व्हिडिओला सबटायटल्स हवीत.

आता अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने आपल्या वर्गांतली व्याख्यानं जगासाठी फुकट ठेवली होती. वीस हजारांहून जास्त ध्वनिचित्रफिती. बहिऱ्या लोकांनी तक्रार केली, की यांना सबटायटल्स नाहीत, तेव्हा जगासाठी म्हणजे आमच्यासाठी नाहीत. २०१६ मध्ये तिथल्या न्याय विभागाने तक्रार मान्य केली. आणि विद्यापीठाने काय केलं? २०१७ मध्ये तो सगळा साठाच सार्वजनिक वापरातून काढून घेतला. एवढ्या व्याख्यानांना आता सबटायटल्स लावायची तर खर्च फार, असं त्यांचं म्हणणं. लोक चिडले. पण कोणावर चिडले? पुष्कळ जण बहिऱ्या तक्रारदारांवर चिडले, "तुमच्यामुळे आमचंही गेलं" म्हणून. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्यावरही २०१५ मध्ये असेच खटले झाले होते. त्यांनी पुढे २०१९ आणि २०२० मध्ये तडजोड करून सबटायटल्स द्यायचं मान्य केलं.

मी ही गोष्ट का सांगतो आहे? पहिलं व्याख्यान चढवतानाच सबटायटल्स घातली असती, तर काम थोडं थोडं झालं असतं. वीस हजार साठल्यावर ते डोंगराएवढं झालं. आणि डोंगर झाल्यावर दोष मागणाऱ्यावर आला.

हे आपल्याला, नवी मुंबईकरांना, वेगळं समजावून सांगायला नको. आपलं शहर आधी कागदावर आलं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नोड आखले, सेक्टर आखले. नकाशा अभ्यासू माणसांनी काढला होता. पण जमीन ज्यांची होती ते आगरी-कोळी शेतकरी त्या नकाशात कुठे होते? जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात माणसं गेली, तेव्हा पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. मी दोन गोष्टींची बरोबरी करत नाही. जमीन आणि रक्त यांची कशाशी बरोबरी होत नाही. एवढंच म्हणतो, की आखणी करताना ज्याला मोजलं नाही, त्याला नंतर भांडून जागा मागावी लागते, आणि मग तोच अडथळा आणणारा ठरतो.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. अपंग व्यक्तींसाठीचा पहिला सर्वंकष कायदा आपल्याकडे १९९५ मध्ये झाला. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याला मान्यता दिली. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, त्यामुळे अपंग वाचकांसाठी पुस्तकाचं रूपांतर करायला लेखकाची वेगळी परवानगी लागत नाही. त्याच विषयावरच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट. मग २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा आला. अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव झाल्या. आणि कलम ४२ म्हणतं, की छापील, ध्वनी आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात असावा, यासाठी सरकारने उपाय करावेत.

म्हणजे जागा दिली. पण जागेवर बसल्यावर समोर काय येतं? माझी फोटोंची पीडीएफ.

२०२४ च्या ८ नोव्हेंबरला राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. याचिका २००५ सालची. न्यायालय म्हणालं, की मूळ कायदा सक्ती सांगतो आणि सरकारचे नियम मात्र नुसत्या मार्गदर्शक सूचनांवर भागवतात, हे चालणार नाही. तीन महिन्यांत बंधनकारक निकष करा. पुढे ३० एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने म्हटलं, की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ते प्रकरण बँकांच्या ऑनलाइन ओळखपडताळणीचं होतं, पण तत्त्व अभ्यासाच्या पानालाही लागू पडतं. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ सालची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत.

कायदा आहे, साधनं आहेत. शेवटचं काम शिक्षकाच्या टेबलावरच होतं. ते काय आहे, हे मी माझ्यावरूनच सांगतो.

त्या फोननंतर मी आणि दोन विद्यार्थिनी मिळून त्या नोट्स युनिकोडमध्ये टाइप करायला बसलो. सगळी सुट्टी गेली. टाइप करताना मथळे नुसते ठळक न करता 'हेडिंग' म्हणून द्यायला शिकलो. कारण स्क्रीनरीडर वापरणारा माणूस हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारत जातो, जसे आपण पानावरून नजर फिरवतो. दुव्यांना 'इथे क्लिक करा' असं नाव न देता 'प्रकरण तिसरे, सराव प्रश्न' असं नाव दिलं.

सगळ्यांत अवघड गेले नकाशे. शिवकालीन किल्ल्यांचा नकाशा होता. त्याचं वर्णन लिहायचं. मी लिहिलं, 'किल्ल्यांचा नकाशा'. त्या मुलाने विचारलं, "सर, हे तर शीर्षकच झालं. नकाशा म्हणतो काय?" आणि माझ्या लक्षात आलं, की वीस वर्षं मी वर्गात "हे बघा, हा इथे, आणि हा इथे" असं म्हणत आलो होतो. तो पहिल्या बाकावर बसून ते ऐकत होता. मग मी लिहिलं: राजगड, तोरणा, प्रतापगड, रायगड, सह्याद्रीच्या रांगेत, घाटवाटांवर नजर ठेवता येईल अशा जागी. डोळस मुलांनीही नंतर सांगितलं, की नकाशात काय बघायचं ते आता कळलं.

त्या नोट्स आता सगळेच वापरतात. त्यात शब्द शोधता येतो. ऐरोलीत नोकरी करून शिकणारी एक मुलगी ट्रान्स-हार्बरच्या गाडीत उभ्या उभ्या त्या मोबाइलकडून वाचून घेते. पण एक सांगायला हवं. आमचं टाइपिंग पुरं होईपर्यंत त्या मुलाचं ते सत्र संपलं होतं. तो दोन पेपरना बसला नाही. नंतर बसला, पास झाला, तरी वर्गमित्रांच्या एक वर्ष मागे राहिला. त्याची बुद्धी मागे नव्हती, वर्ग भरत होता तोवर तर मुळीच नव्हती. पान आलं आणि तो मागे पडला.

आपल्या शहरात काम करणारी माणसं आहेत. वाशीत महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, खारघरला बौद्धिक अपंगत्वावर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र २००३ पासून हेच शिकवतं आहे. आणि महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत बसून वेबसाइट तयार करणारी कितीतरी मुलं-मुली आपल्याच इमारतीत राहतात. तुमच्यात कोणी शिक्षक असेल, तर घरी गेल्यावर एकच करा. तुम्ही शेवटची चढवलेली फाइल उघडा आणि त्यातलं एक वाक्य कर्सरने निवडायचा प्रयत्न करा. निवडलं गेलं नाही, तर ते चित्र आहे. निवडलं गेलं, तर कॉपी करून मोबाइलच्या संदेशात चिकटवा. मराठी दिसलं तर अक्षर आहे. इंग्रजी कचरा दिसला तर जुना फॉन्ट आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आणि हे व्याख्यान जे पुढे ऐकण्याऐवजी वाचणार आहेत, त्यांच्यासाठी संयोजकांनी शब्दांकन करायचं ठरवलं आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. मी त्यांना एकच विनंती केली आहे: फोटो काढून टाकू नका, टाइप करा.